चुकणाऱ्या टॅबची शाळा बघायला

श्रावणीच्या आईने शाळेच्या फाटकापाशी मला थांबवलं आणि म्हणाली, "बाई, सुट्टी लागली की पोरीला दुसऱ्या शाळंत घालतो. ती लोकं म्हणाल्यात, एक वर्ग खाली बसवाय लागंल. बसू दे. हितं बसून तरी काय कराय लागलीय?" या प्रवासाची सुरुवात त्या फाटकापाशी झाली, म्हणून तिथूनच सांगते.

मी कोल्हापूरजवळच्या एका गावात तिसरीच्या वर्गाला शिकवते. श्रावणी त्या वर्गातली सगळ्यात बोलकी मुलगी. तिच्या घरची म्हैस व्याली तर ती गोष्ट अख्खा वर्ग तोंड उघडं टाकून ऐकतो. फळ्यावरचं बघून उतरवायला सांगितलं की अक्षरही वळणदार काढते. पण "तुझ्या मनाने चार ओळी लिही" म्हटलं की पेन्सिल कागदावर टेकते आणि तिथेच राहते. तास संपतो तेव्हा कागदावर एक ठिपका असतो, दाबून दाबून काळा झालेला. डोळे तपासून झाले, जवळ बसवून झालं, चित्र दाखवून झालं. रागावून मात्र पाहिलं नाही, ते मला जमतही नाही.

मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, मार्ग काढला. शाळेला टॅब मिळणार आहेत. श्रावणी बोलेल, टॅब लिहील, चाचणीचा कागद भरेल. "तू फक्त हो म्हण, तिच्यापासूनच सुरू करू," त्या म्हणाल्या. टॅब दिला आणि तिचा हात कायमचा सुटला तर? नाही दिला आणि ती एक वर्ग खाली गेली तर? मी मुळात घाबरट आहे. साध्या रजेच्या अर्जावर सही करण्याआधीही तो पुन्हा पुन्हा वाचते. इथे तर एका मुलीचं वर्ष होतं.

त्याच आठवड्यात शिक्षकांच्या एका गटावर शाहीन मॅडमचा व्हिडिओ दिसला. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, पाचोडच्या पुढे आत एका खेड्यात, त्यांची जिल्हा परिषदेची दोन शिक्षकी शाळा आहे. व्हिडिओत त्या हसत म्हणत होत्या, "आमचा टॅब चुकतो, म्हणून आमची मुलं लिहितात." मी तो व्हिडिओ चार लोकांना दाखवला, कुणालाच अर्थ लागला नाही. मग फोन केला. "समजावून नाय सांगता येणार," त्या म्हणाल्या, "बघायला या की."

रजा मिळाली. घरी सांगितलं तर आत्या म्हणाली, "एकटी कुठं निघालीस? मी येतो."

आत्याबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. लहानपणी मला दम्याचा त्रास होता, म्हणून पहिली-दुसरीची वर्षं मी घरातच शिकले, आणि शिकवलं ते आत्याने. परातीत ज्वारीचं पीठ पसरायचं आणि त्यात बोटाने अक्षर काढायचं. चुकलं की परात हलवायची, पीठ सपाट. भाकरीची वेळ झाली की शाळा सुटली. आत्या स्वतः सातवी शिकलेली आहे, पण ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत मी आजही तिला भिते.

पहिला दिवस: कोल्हापूर ते संभाजीनगर

रविवारी पहाटेच्या एसटीने निघालो. कोल्हापूरहून थेट गाड्याही आहेत, पण त्या बहुतेक रात्रीच्या. दिवसाचा प्रवास हवा असेल तर पुण्यात गाडी बदलावी लागते. एक गोष्ट लक्षात ठेवा: कोल्हापूरची गाडी स्वारगेटला सोडते आणि संभाजीनगरकडे जाणाऱ्या गाड्या शिवाजीनगर आगाराच्या. आम्ही गेलो तेव्हा त्या वाकडेवाडीहून सुटत होत्या. मधलं अंतर रिक्षाने कापताना जीव वर-खाली होतो, म्हणून हाताशी तासभर जास्त ठेवा. बायकांना एसटीत अर्धं तिकीट असल्यामुळे दोघींचा खर्च एकीत भागला. आत्याने डब्यात दशम्या, लसणाची चटणी आणि कांदे घेतले होते, त्यामुळे वाटेतल्या धाब्यावर फक्त चहा घ्यावा लागला.

अहिल्यानगर सोडल्यावर मोकळं माळरान सुरू होतं. फेब्रुवारीचा शेवट होता आणि उन्हाचा रंग आमच्याकडच्यापेक्षा पांढरा वाटत होता. ज्वारी काढून झालेली, कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून ठेवलेल्या. आत्या खिडकीतून बघत म्हणाली, "हिरवं कायच दिसंना की गं मने." मग थोड्या वेळाने, "पण किती लांबपर्यंत दिसतंय." मी मात्र बाहेर कमी आणि फोनकडे जास्त बघत होते. फोनमध्ये श्रावणीचा आवाज होता.

निघायच्या दोन दिवस आधी, दुपारच्या सुट्टीत, शाळेच्या पायरीवर बसून मी तिचं बोलणं रेकॉर्ड केलं होतं. शाहीन मॅडमनीच सुचवलं होतं, "त्या मुलीचा आवाज आणा, बघू आमचा टॅब काय करतो." तिच्या आईला विचारलं, ती हो म्हणाली. मग श्रावणीला विचारलं, "दुसऱ्या गावच्या मुलांना ऐकवू का?" तिने मान हलवली. ती होकाराची होती की नुसतीच, हे मला अख्ख्या प्रवासात ठरवता आलं नाही.

संध्याकाळी मध्यवर्ती बसस्थानकावर उतरलो. स्थानकाजवळच एक कुटुंबांसाठीचं लॉज फोनवरून आधी ठरवलं होतं. खोली साधी, पण कडी नीट लागत होती, आणि मला त्याचंच महत्त्व होतं. सामान टाकून गुलमंडीला गेलो. रिक्षावाले काका म्हणाले, "बैठो अम्मा, सीधा गुलमंडी छोड देता." आत्याने कोल्हापुरी हिंदी बाहेर काढली, "सीधा छोडो, लेकिन वळसा घालके नको!" काका इतके हसले की पुढे सगळा रस्ता ते आम्हाला शहर दाखवत गेले. हा दरवाजा, तो दरवाजा, इथून आत गेलं की चांगला नान-कलिया मिळतो. आत्याने नान-कलिया खाल्ला नाही. मी खाल्ला. जाड नानचा तुकडा मटणाच्या तिखट रश्शात बुडवताना काळजी थोडा वेळ विसरले. गुलमंडीत कापडाच्या दुकानांच्या रांगा आहेत. आत्याने दोन खण घेतले आणि दुकानदाराशी त्याला घाम फुटेपर्यंत भाव केला. शेवटी गरम इमरती खाऊन परत आलो.

दुसरा दिवस: पाचोडच्या पुढे

सकाळी बीडच्या बाजूला जाणारी गाडी धरली. पाचोड याच रस्त्यावर आहे, आडूळच्या पुढे. रस्ता उत्तम आहे, पण गाडी भरलेली असते, कारण शहरात कामाला असलेले आणि शहरात राहून गावात कामाला जाणारे असे दोन्हीकडचे लोक त्यात असतात. पाचोडला आठवडी बाजाराचा दिवस नव्हता, त्यामुळे उतरायला जागा तरी मिळाली. इथून पुढे काही किलोमीटर सामायिक रिक्षा. दोन्ही बाजूंना मोसंबीच्या बागा आणि मधे वेचणी संपलेल्या कापसाच्या पऱ्हाट्या. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. मुलांबद्दल लिहिते आहे आणि प्रत्येकाच्या घरी विचारायला मला जमलेलं नाही. मुलांची नावंही बदलली आहेत.

शाळेला दोन खोल्या, ओटा, कडुनिंब. शाहीन मॅडम रोज शहरातून जा-ये करतात. उंच, खणखणीत आवाजाच्या. त्यांनी आत्याला खुर्ची दिली आणि मला म्हणाल्या, "तुम्ही खाली बसा, मुलांमध्ये. खुर्चीवरून काही दिसत नाय."

वर्ग तिसरी-चौथीचा एकत्र होता. भिंतीवर चुन्याचा पांढरा चौकोन, त्यावर छोट्या प्रोजेक्टरचा उजेड. टॅब जुना, काचेला तडा गेलेला. मुलं त्याला टॅब म्हणत नाहीत, डबडं म्हणतात. एक मुलगा उठला, टॅबवरच्या माइकच्या खुणेवर बोट ठेवून म्हणाला, "आमच्या वावरात औंदा लई सरकी लावली." औंदा म्हणजे यंदा, आणि इकडे कपाशीला सरकीही म्हणतात. भिंतीवर अक्षरं उमटली: आमच्या वावरात अंदाज लई सारखी लावली.

वर्गात एकच दंगा उसळला. "सारखी नाय, सरकी!" "अंदाज नाय रं, औंदा!" "डबड्याचं चुकलं!" आणि मग, कुणी काही न सांगता, सगळ्यांच्या माना खाली गेल्या. पेन्सिली कागदावर चालू लागल्या. आधी टॅबचं वाक्य जसंच्या तसं उतरवायचं, मग चुकलेल्या शब्दावर एक रेघ मारायची आणि वर बरोबर शब्द लिहायचा. 'सारखी' आणि 'सरकी' यांत एका कान्याचा फरक. तो कळावा म्हणून मी माझ्या वर्गात किती तक्ते लावले आहेत. इथे मुलं त्या कान्यासाठी भांडत होती.

"मॅडम," एक मुलगी म्हणाली, "डबड्याला हिंदी लई चांगली येती, मराठीच येत नाय."

"मग कोण शिकवणार त्याला?"

"आम्ही!"

शाहीन मॅडम माझ्या शेजारी येऊन हळू आवाजात सांगत होत्या. टॅब आला तेव्हा त्यांनाही वाटलं होतं, मुलं बोलतील, यंत्र लिहील, काम झालं. पण यंत्राला इथली बोली कळेना. त्या वैतागल्या होत्या. तेवढ्यात पल्लवी नावाची मुलगी, वर्षभर एक ओळ न लिहिलेली, खडू घेऊन भिंतीपाशी गेली आणि चुकलेला शब्द तिने खोडला. "कोऱ्या कागदाला मुलं भितात," मॅडम म्हणाल्या. "चुकलेल्या कागदाला कुणी भीत नाय. माझ्या हातून असं झालं, मी काय शोधून-बिधून काढलेलं नाय."

पल्लवी माझ्यापासून दोन मुलं सोडून बसली होती. आता चौथीत आहे. माझ्याकडे बघून तिने विचारलं, "तुमी तपासायला आल्या का?"

"नाही, शिकायला."

"एवढ्या मोठ्या झाल्या तरी?"

मग मी श्रावणीचं सांगितलं. की आमच्या गावात एक मुलगी आहे, छान बोलते, पण मनाने लिहीत नाही. की मी तिचा आवाज आणला आहे. मुलं पुढे सरकली. फोन टॅबजवळ धरून मी बटण दाबलं, आणि इतक्या दूरवर, त्या चुन्याच्या चौकोनासमोर, श्रावणी बोलू लागली: "मी मामासंगं गुऱ्हाळावर गेलो. तिथं काकवी खाल्ली. धूर डोळ्यात गेला तर मामा म्हणतोय, रडू नगो, गूळ खारट हुईल."

भिंतीवर आलं: मी मामा संघ गुऱ्हाळावर गेलो तिथं काकू ही खाल्ली धूर डोळ्यात गेला तर मामा म्हणतोय रडू नको गूळ खारट होईल.

मागून एक बारीक आवाज, "काकू खाल्ली?" आणि वर्ग कोसळला. "काकूला खाल्लं! डबड्यानं काकूला खाल्लं!" "मामाचा संघ कशाचा रं? कबड्डीचा?" आत्या पदर तोंडाला लावून हसत होती. हसू ओसरल्यावर मुलं कामाला लागली. आवाज पुन्हा ऐकायचा, पुन्हा ऐकायचा. 'संघ' खोडून 'मामासंगं' झालं. 'काकू ही'ची 'काकवी' झाली. 'नको'वर अडलं. पल्लवीने कान फोनला लावून ऐकलं आणि जाहीर केलं, "नगो म्हणली ती. नको नाय." मग 'नगो'. 'होईल'चं 'हुईल'. इथे नियम एकच आहे, जे कानाला आलं तेच लिहायचं.

मग एकाने विचारलं, "मॅडम, ही पोरगी हाय ना?"

"हो."

"मग गेलो कसं?"

"डबड्याचं चुकलं!" दोन-तीन आवाज आले.

आवाज पुन्हा लावला. श्रावणी स्वच्छ 'गेलो' म्हणत होती. यंत्राने बरोबर ऐकलं होतं. वर्गात दोन तट पडले. काही म्हणाले तीच चुकली, एक म्हणाला, "पोरगाच असंल, आवाज बारीक हाय." आत्या खुर्चीवरून म्हणाली, "अरे बाळांनो, आमच्याकडं बायका असंच बोलत्यात. मी आलो, मी गेलो, मी जेवलो." मुलांना हे इतकं गमतीचं वाटलं की सगळ्या मुली एकमेकींना "मी आलो, मी आलो" म्हणू लागल्या.

शाहीन मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "तुमची मुलगी आहे. तुम्ही सांगा, काय ठेवायचं?"

मला विचार करावा लागला नाही. उत्तर माझ्या हातात लहानपणापासून होतं. परातीतल्या पिठात मी 'मी आलो' असं काढलं की आत्या परात हलवायची. बोलायचं बोलण्यासारखं, लिहायचं लिहिण्यासारखं. ती स्वतः दिवसभर 'आलो, गेलो' म्हणायची आणि पिठात 'आले, गेले' काढून घ्यायची. मी म्हटलं, "लिहिताना गेले." आत्यानेही मान डोलावली. मुलांनी 'गेलो'वर रेघ मारली.

फक्त पल्लवीची पेन्सिल थांबली होती. "मग नगो काऊन ठिवलं?" तिने विचारलं. काऊन म्हणजे का.

तेवढ्यात वीज गेली आणि भिंतीवरचा उजेड विझला. मॅडम म्हणाल्या, "रोजचं आहे," आणि टॅब खिडकीपाशी नेऊन त्यावरचं वाक्य खडूने फळ्यावर लिहू लागल्या. तेवढ्यात खिचडी आली. पल्लवीचा प्रश्न तसाच राहिला. मी तो ऐकला नाही असं म्हणू शकत नाही.

जेवण झाल्यावर पल्लवीने श्रावणीचं सगळं बोलणं एका कोऱ्या कागदावर सुवाच्य उतरवलं आणि खाली मुलांच्या वतीने लिहिलं, "हे बरोबर हाय का? सांग." तो कागद मी पुठ्ठ्यामध्ये ठेवून पिशवीत सरळ धरला, घडी पडू दिली नाही.

निघताना ओट्यावर चहा झाला. मी शाहीन मॅडमना सरळ विचारलं, "मी तिला टॅब देऊ का?"

त्यांनी माझ्या कपात आणखी चहा ओतला. मग म्हणाल्या, "देताना एक बघा. माझं सगळं चालतंय ते हा चुकतो म्हणून. आता नवीन येणार आहेत. ते बोललेलं ऐकून सुधारून लिहितात म्हणे. लई म्हटलं की खूप. तिथं म्हटलं की तिथे. एका ट्रेनिंगला बघितलं मी. एक मुलगी त्याच्यासमोर बोलली, त्यानं छान शुद्ध लिहिलं. तिनं वाचलं, आणि मग ती परत बोललीच नाय." त्यांनी कप खाली ठेवला. "न चुकणाऱ्यासमोर पोरं काय लिहिणार? मला पण माहीत नाय. तुम्हाला कळलं तर फोन करा."

परतीच्या गाडीत आत्या झोपली. मी पूर्ण रस्ता जागी होते. हो किंवा नाही असं उत्तर आणायला आले होते, आणि ते घेऊन जात नव्हते.

तिसरा दिवस: बंद वेरूळ आणि परतीचा रस्ता

तुम्हाला ताकीद: वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात. मी बसच्या वेळा, लॉजचा पत्ता, औषधं, सगळं लिहून काढलं होतं आणि हे पाहिलं नव्हतं. आम्हाला कळलं तेव्हा मंगळवार उजाडलेला होता. आत्या म्हणाली, "शाळामास्तरीण म्हणं! लेणी बघाय आलो आन मोसंबी बघून चाललो." मग सकाळी बिबी का मकबरा पाहिला. लवकर गेलात तर गर्दी नसते आणि मागच्या डोंगरावर ऊन हळूहळू खाली उतरताना दिसतं. एका लेकाने आईसाठी बांधलेली कबर आहे हे ऐकल्यावर आत्या चप्पल हातात घेऊन उभी राहिली. मी तिचा फोटो काढला नाही. मग गाडी, वाकडेवाडी, स्वारगेट, गाडी. कोल्हापूरला पोहोचेपर्यंत अंग मोडून आलं होतं.

घरी

दुसऱ्या दिवशी वर्गात मी काही जाहीर केलं नाही. मधल्या सुट्टीत श्रावणीला बोलावलं आणि तो कागद तिच्यासमोर ठेवला. बाजूला पेन्सिल ठेवली नाही. मुद्दाम नाही, मला सुचलं नाही.

"ह्ये कुणी लिवलं?"

"तिकडच्या मुलांनी. तू बोललीस ते ऐकून."

ती बोट ठेवून वाचू लागली. 'मामासंगं' वाचून हसली. काकूची गोष्ट सांगितली तर खुदखुदली. मग बोट मागे आलं आणि पहिल्याच ओळीवर थांबलं. हे थांबणं माझ्या ओळखीचं होतं. ठिपक्याआधीचं थांबणं असंच असतं.

"बाई, मी असं न्हाई म्हटलं."

"कसं?"

"मी गेले न्हाई म्हटलं. मी गेलो म्हटलं."

माझ्या ओठांवर वाक्य तयार होतं. लिहिताना गेले. पण ती माझ्याकडे बघतच नव्हती. तिने माझ्या टेबलावरून पेन्सिल उचलली, 'गेले'वर एक आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं, 'गेलो'. मग खालचा प्रश्न वाचला, हे बरोबर हाय का, सांग. तिने कागद स्वतःकडे ओढला. मी खिडकीबाहेर बघितलं, कारण मी बघते आहे हे तिला कळू नये असं वाटलं. बराच वेळ पेन्सिलचा आवाज येत होता. कागद परत माझ्याकडे आला तेव्हा त्यावर होतं:

"एक चूक हाय. मी गेलो. बाकी बरोबर. तुमी गुऱ्हाळावर या. काकवी हाय."

तिच्या मनाने लिहिलेल्या पहिल्या ओळी. कुठूनही उतरवलेल्या नाहीत.

शाळा सुटल्यावर मी तो कागद तिच्या आईला दाखवला. तिने दोन्ही हातांनी धरून वाचला. मग कपाळाला आठी. "गेलो लिवलंय की. चुकलंच न्हवं?"

सगळं माझ्यापाशी येऊन थांबलं होतं. हो म्हटलं असतं तर ते पुस्तकाप्रमाणे खरं ठरलं असतं. परीक्षेतही तेच खरं धरलं जाईल, आणि तेव्हा मी काय करेन हे मला आज माहीत नाही. पण पेन्सिल ज्या शब्दासाठी उचलली गेली तोच शब्द चुकीचा म्हणायला माझी जीभ वळेना.

"नाही," मी म्हटलं, "ती बोलली तसंच तिने लिहिलंय. बरोबर आहे."

श्रावणी फाटकाच्या गजाला लोंबकळत होती. "मग ऱ्हाऊ दे हितंच औंदा," आई म्हणाली. "चाचणीपातुर बघतो. न्हाईतर मग बघतो."

तेवढंच मिळालं आहे. चाचणी व्हायची आहे. त्यानंतर श्रावणीने आणखी दोनदा लिहिलं आणि तीनदा ठिपकाच काढला. मोठ्या बाईंना मी सांगितलं की टॅब हवा, पण चुकणारा, जुना. त्या म्हणाल्या, असा अर्ज आजवर कुणी केला नसेल. शाहीन मॅडमना फोन केला, पल्लवीला निरोप सांगायला सांगितला की तिचा प्रश्न बरोबर होता. आत्याला सगळं सांगितलं, तेव्हा ती भाकरी थापत होती. हात थांबला नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "बरं झालं, माझ्याकडं न्हवती ती शिकाय."

हे लिहून झाल्यावर मी माझ्या लिखाणात एका ठिकाणी 'मी गेले' खोडून 'मी गेलो' करून पाहिलं. घरात मी तसंच बोलते, आत्याशी, आईशी. पण वाक्य माझं वाटेना. कुणीतरी दुसरीच गेली आहे असं वाटत राहिलं. परत 'गेले' केलं. माझा हात आता त्याच वळणाचा आहे. श्रावणीचा कागद मात्र वर्गात लावला आहे, तिने मारलेल्या रेघेसकट.